शहराचा सातबारा

जमिनीला सातबारा असतो, घराला उतारा असतो. पण शहर कोणाच्या नावावर असते? प्रश्न पोरकट वाटेल. शहर म्हणजे काही शेत नव्हे, की बांधावर दगड रोवून ‘इथपर्यंत माझे’ असे म्हणता यावे. तरीही शहरांच्या मालकीवरून माणसांनी जेवढे रक्त सांडले, तेवढे शेताच्या बांधांवरून खचित सांडले नसेल. आणि अशा तंट्यात प्रत्येक पक्षाच्या हाती एकेक कागद असतो. एक म्हणतो, ही वस्ती आमच्या पूर्वजांनी वसवली. दुसरा म्हणतो, हे वाडे आमच्या कारागिरांनी बांधले. तिसरा म्हणतो, आज येथे दिवा आम्ही लावतो. तिन्ही कागद खरे निघाले, तर न्याय कसा करायचा?

हा प्रश्न माझ्या मनात शिरला तो वळिवड्यामुळे. कोल्हापूरजवळच्या या गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बायका आणि मुलेच फार. १९४० व १९४१ साली सोव्हिएत राजवटीने पोलंडच्या पूर्व भागातून त्यांना उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकले होते. तेथून इराणमार्गे ही माणसे हिंदुस्थानात आली. महायुद्ध संपले तेव्हा त्यांची गावे जागच्या जागी होती, पण पोलंडमध्ये नव्हती. सरहद्दच पश्चिमेकडे सरकली होती. बहुतेकांना परतायला घर उरले नाही. कोणी इंग्लंडात गेले, कोणी ऑस्ट्रेलियात. छावणी रिकामी झाली, आणि तिथेच फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे येऊन राहिली. आजचे गांधीनगर ते हेच. एका सरहद्दीने बेघर केलेल्यांची जागा दुसऱ्या सरहद्दीने बेघर केलेल्यांनी घेतली. पण त्या बराकी मुळात कोणाचेच घर नव्हत्या, म्हणून तेथे तंटा उभा राहिला नाही.

पोलंडच्या पूर्वेकडून उखडलेले सारेच काही इतक्या दूर आले नाहीत. पुष्कळांना त्यांच्या देशाने नव्याने मिळालेल्या उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या मुलखात वसवले. तेथे मात्र घरे होती, आणि त्या घरांना आधीची माणसे होती. अशा मुलखातले सर्वांत मोठे बंदर म्हणजे ग्दान्स्क. जगाने ते डान्झिग या जर्मन नावाने अधिक ऐकले आहे.

विस्तुला नदी जेथे बाल्टिक समुद्राला मिळते, तेथे हे शहर वसले आहे. त्याचा पहिला लेखी उल्लेख ९९७ सालचा, पोलिश राजवटीच्या काळातला. १३०८ मध्ये ट्यूटॉनिक सरदारांनी कत्तल करून ते घेतले. १४५४ मध्ये नागरिकांनी त्या सरदारांविरुद्ध बंड केले आणि पोलंडच्या राजाचे छत्र स्वतःहून पत्करले. पुढची सव्वातीनशे वर्षे ते पोलंडच्या राजाचे होते. विस्तुलेतून येणारे पोलंडचे धान्य येथल्या गोदामांत उतरे आणि डच गलबतांतून युरोपभर जाई. गंमत अशी, की या काळात शहरातले बहुतेक व्यापारी घरात जर्मन बोलत. राजा पोलंडचा, भाषा जर्मन, पैसा हॉलंडचा. आणि अभिमान मात्र निव्वळ डान्झिगचा! आपल्या सवलतींना धक्का लागतो असे दिसताच १५७७ मध्ये त्यांनी खुद्द पोलंडच्या राजाशीही लढाई मांडली होती. ‘तुम्ही जर्मन की पोलिश?’ असे त्यांना कोणी विचारते, तर प्रश्नच त्यांना नीट कळला नसता.

शोपेनहौएर हा तत्त्वज्ञ आपल्या लोकांना माहीत आहे, कारण उपनिषदांवर त्याची अपार श्रद्धा होती. त्याचा जन्म १७८८ सालचा, याच शहरातला. तो पाच वर्षांचा असताना, १७९३ मध्ये, प्रशियाने डान्झिग गिळले. त्याचे वडील जर्मन बोलणारे धनाढ्य व्यापारी. प्रशियाची भाषा तीच होती. तरीही त्यांनी नुकसान सोसले, बिऱ्हाड उचलले आणि ते हाम्बुर्गला निघून गेले. भाषेपेक्षा त्यांना गावाचे स्वातंत्र्य मोठे वाटले. भाषा जुळली म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे ज्यांना वाटते त्यांनी या घराण्याकडे पाहावे.

पहिल्या महायुद्धानंतर विजेत्यांनी तोडगा काढला. १९२० मध्ये डान्झिग हे राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचे स्वतंत्र शहर झाले. वस्ती साडेतीन लाखांवर. शंभरात नव्वदांहून अधिक जर्मन बोलणारे. बंदर वापरण्याचा हक्क पोलंडला. कागदावर तोडगा सुरेख होता, पण त्यावर ना जर्मनांचे समाधान झाले, ना पोलंडचे. पोलंडने शेजारीच ग्डिनिया या मच्छीमार खेड्याचे नवे बंदर केले. इकडे १९३३ मध्ये डान्झिगच्या मतदारांनी नाझी पक्षाला बहुमत दिले. पुढे काय होणार हे तिथल्या ज्यूंनी ओळखले. १९३९ मध्ये त्यांच्या मोठ्या प्रार्थनामंदिरावर पहार चालली, तेव्हा त्यांनी आपली पूजेची उपकरणे पेट्यांत भरून न्यूयॉर्कला पाठवली. अट अशी घातली, की पंधरा वर्षांत डान्झिगमध्ये ज्यू पुन्हा निर्भयपणे नांदू लागले तर वस्तू परत कराव्यात. नाहीतर तिकडेच राहू द्याव्यात. वस्तू तिकडेच राहिल्या. या शहरावर हक्क सांगणाऱ्यांच्या गलबल्यात ज्यूंचा कागद कोणी वाचलाच नाही.

त्या वर्षी मे महिन्यात फ्रान्समधल्या मार्सेल देआ या राजकारण्याने एका लेखाला मथळा दिला : डान्झिगसाठी मरायचे? उत्तर त्याच्या मनात ठरलेले होते. १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे जर्मन युद्धनौकेने बंदराच्या तोंडाशी असलेल्या वेस्टरप्लाट येथील पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या. दोनशेच्या आसपास सैनिकांनी ते ठाणे सात दिवस लढवले. शहरातल्या पोलिश टपाल कचेरीतले कर्मचारी दिवसभर झुंजले. जे जिवंत हाती लागले त्यांतल्या बहुतेकांना महिनाभरात गोळ्या घातल्या. प्रश्न एका बंदराचा नव्हताच, हे जगाला तेव्हा कळले.

मार्च १९४५ अखेर लाल सेनेने शहर घेतले. जुन्या भागाचा जवळजवळ ढिगारा झाला होता. जर्मन कुटुंबे आधी पळाली, उरलेल्यांना नंतर बाहेर घालवण्यात आले. त्यांच्या जागी मध्य पोलंडमधून माणसे आली, आणि विल्नोसारख्या हरवलेल्या शहरांतूनही आली. कपाटात दुसऱ्याच्या कपबशा, भिंतीवर दुसऱ्याच्या तसबिरीचा डाग, नळाच्या तोटीवर न वाचता येणारी भाषा. अशा घरांत वाढलेल्या पिढीतल्या स्तेफान ख्विन या लेखकाने पुढे ‘हानेमान’ या कादंबरीत ती अवस्था लिहिली.

हा भाग मी एकदा वर्गात सांगितला, तेव्हा एका मुलाने विचारले, “गुरुजी, त्यांना किल्ली कोणी दिली?” मुलांचे प्रश्न नेमके असतात. किल्ली दिली ती नकाशे आखणाऱ्यांनी. ज्याने घर गमावले त्याने ती दिली नव्हती, आणि जो घरात शिरला त्याने ती मागितली नव्हती. विल्नोहून आलेल्या बाईचे स्वतःचे घर गेले होते. ती डान्झिगच्या घरात राहिली म्हणून तिला चोर म्हणावे काय? नाही. पण म्हणून ज्या मुलीची बाहुली त्या घरात राहिली, तिचे दुःख खोटे ठरते काय? तेही नाही. त्या मुलीच्या बापाने नाझींना मत दिले असेल. त्याचा दोष त्याच्या खाती. नाझींनी युद्ध पेटवले नसते तर दोघीही आपापल्या घरी असत्या, हे तर विसरताच येत नाही. तथापि दोषाचा आणि दुःखाचा हिशेब एकाच वहीत मांडू नये. दोषाला धनी असतो. दुःख मात्र निरपराध्याच्या दारीही येऊन बसते.

आता ते तीन कागद पुन्हा पाहू. आधी आला त्याचे गाव, असे म्हणावे तर इतिहासात किती मागे जायचे? बांधले त्याचे गाव, असे म्हणावे तर ढिगाऱ्यातून तेच वाडे पुन्हा उभे करणारे पोलिश गवंडी कोठे ठेवायचे? नांदतो त्याचे गाव, असे म्हणावे तर उद्या कोणीही बळजबरीने घुसून नांदू लागेल. पोलंडच्या नव्या सरकारला हा पेच जाणवला असावा, म्हणून त्याने या मुलखाला ‘परत मिळालेली भूमी’ असे नाव दिले. नाव सोयीचे होते, पण ते खपवण्यासाठी मधली कित्येक शतके पुसावी लागली. जर्मन पाट्या खरवडल्या गेल्या. जुनी दफनभूमी सपाट करून तिच्यावर बागा झाल्या.

या शहरात हान्स मेम्लिंगचे एक जुने चित्र आहे. विषय, अखेरचा न्याय. ब्रूझमध्ये राहणाऱ्या एका फ्लॉरेन्सच्या सावकारी पेढीवाल्याने ते करून घेतले. १४७३ मध्ये डान्झिगच्या एका दर्यावर्दीने जहाज लुटून ते आणले आणि ते चर्चमध्ये लागले. नेपोलियनच्या काळात ते पॅरिसला गेले, परत आले; १९४५ नंतर लेनिनग्राडला गेले, १९५६ मध्ये परत आले. मूळ धन्याला ते कधीच मिळाले नाही. चोरीच्या चित्रात देव पापपुण्याचा निवाडा करीत बसला आहे! मालकी हाच एकमेव प्रश्न धरला, तर आपली अवस्था त्या चित्रासारखी होते.

मग दुसरे काय धरावे? आना वालेंतिनोविच ही बाई पूर्वेकडच्या, आज युक्रेनमध्ये असलेल्या, रिव्हने भागातली. युद्धानंतर ती ग्दान्स्कला आली आणि जहाजांच्या कारखान्यात आधी वेल्डिंग करून पुढे क्रेन चालवू लागली. ऑगस्ट १९८० मध्ये तिला कामावरून काढले, तेव्हा कामगारांनी तिच्यासाठी संप पुकारला. त्या संपातून लेक वालेसांची ‘सॉलिडॅरिटी’ ही संघटना जन्मली आणि दहा वर्षांच्या आत पोलंडची राजवट बदलली. परक्या गावात आलेल्या त्या बाईला आता कोणी उपरी म्हणेल काय? गावाचे सुखदुःख तिने आपल्या अंगावर घेतले. पहिला हक्क यातून येतो.

पण तेवढ्याने भागत नाही. दुसरी गोष्ट त्या शहराने उशिरा केली, आणि मला ती संपाहूनही मोठी वाटते. २००२ मध्ये ग्दान्स्कमध्ये नाहीशा झालेल्या दफनभूमींचे स्मारक उभे राहिले. जर्मनांच्या, ज्यूंच्या, ज्या कोणाच्या कबरी नाहीशा झाल्या, त्यांचे फुटके दगड तेथे गोळा करून मानाने ठेवले आहेत. त्याआधी, १९९३ मध्ये, तेथे जन्मलेल्या गुंटर ग्रास या जर्मन लेखकाला शहराने आपला सन्माननीय नागरिक केले. तरुणपणी आपण हिटलरच्या खास सैन्यात होतो, हे त्याने २००६ मध्ये उघड केले, तेव्हा गावात मोठा वाद झाला. पण त्याचे नाव काढून टाकले नाही. पुसण्यापेक्षा वाद घालणे बरे.

आपल्या दिवाळीतला पाडवा बळीराजाचा असतो. ज्याचे राज्य गेले, ज्याला पाताळात जावे लागले, त्याचे नाव आपण टाकले नाही. वर्षातला एक दिवस त्याच्यासाठी राखून ठेवला. त्याचे राज्य परत देण्याची गोष्ट कोणी करीत नाही, पण त्याच्या नावाने दिवा लावल्यावाचून आपला सणही पुरा होत नाही. ग्दान्स्कने उशिरा का होईना, हेच केले असे मला वाटते.

सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या नावाबरोबर ‘इतर अधिकार’ असाही एक रकाना असतो. जमीन कसणाऱ्याचीच असते, पण तिच्यावर कोणाचे काय देणे आहे, ते त्या रकान्यात लिहिलेले असते. शहर, जे आज त्याची झीज सोसतात त्यांच्या नावावर खुशाल असावे. मात्र तो रकाना कोरा ठेवू नये. निघून गेलेल्यांची नावे तेथे स्वच्छ अक्षरांत लिहिलेली असावीत, आणि ती घरातल्या मुलांना वाचता यावीत.