कार्यभार सोपविताना

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसास एक प्रश्न वारंवार गाठतो, आणि तो बहुधा सामान बांधताना गाठतो. जे उद्या आपले राहणार नाही, ते नीट करून ठेवण्याची जबाबदारी आपणांवर कितपत असते? कचेरीत उत्तर सोपे आहे. तेथे याद्या असतात, सह्या असतात. परंतु जेथे यादी नाही व सहीही नाही, तेथे काय?

म्हैसूरच्या पश्चिमेस, बोगादीच्या बिऱ्हाडी, आम्हांस हा प्रश्न पडला तो आमच्या जुन्या पद्मिनी मोटारीच्या निमित्ताने. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जन्मलेली ही जात आता दुर्मिळ झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची अखेरची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. बदलीचा हुकूम येताच एका तरुणाने गाडी हौसेने मागितली. सौदा ठरला, आणि त्याच आठवड्यात इंजिनाच्या कुशीतील इंधनपंपाखाली ओल दिसू लागली.

या पंपाची रचना मोठी साधी आहे. इंजिन फिरले की एक तरफ हलते. ती रबरी पडदा खाली ओढते व टाकीतून पेट्रोल खेचले जाते. मग स्प्रिंग पडदा वर लोटते व पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. तेथील वाटी भरली की पडदा खालीच थांबतो आणि तरफ नुसती हलत राहते. आमचा पडदा मात्र जीर्ण झाला होता. २०२३ पासून देशात विकल्या जाऊ लागलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलशी जुन्या रबराचे जमत नाही. पडदा फाटला तर पेट्रोल तेलात उतरते, तेल पातळ होते, आणि इंजिन आतून झिजू लागते.

रविवारी ओसरीवर पंप उघडला. दोन्ही भाग पुन्हा तसेच जुळावेत म्हणून कानशीने खूण केली, नवा पडदा बसविला, स्क्रू आवळले. गाडी पहिल्याच झटक्यास सुरू झाली. रात्री मात्र आठवले: स्क्रू अखेरचे आवळताना तरफ पूर्ण दाबून धरावयाची असते. तसे न केल्यास पडदा ताणलेला राहतो. आज चालतो, पण पुढे अकाली फाटतो.

मन लगेच वकिली करू लागले. तो फाटेल तेव्हा आपण दुसऱ्या प्रांतात असू. तरुण बिचारा गाडीच्या वयास दोष देईल. शिवाय, फळाची आसक्ती धरू नये, असे आपण ऐकत आलोच आहोत! पण फळाची आसक्ती सोडणे वेगळे आणि फळ दुसऱ्याच्या माथी मारणे वेगळे. पहिल्यात आपण आपला लाभ सोडतो; दुसऱ्यात केवळ आपला त्रास टाळतो.

मग याला सीमा कोठे? त्या न्यायाने सारी गाडीच नवी करून द्यावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. जे आपल्या हातांनी उघडले, ते नीट मिटविणे हे आपले कर्तव्य. जे उघडले नाही, त्याचे दोष ठाऊक असतील तेवढे सांगणे, हेही कर्तव्यच. त्यापलीकडचा भार घेणाऱ्याने समजून उचलावा. स्टिअरिंग सैल असल्याचे आम्ही सांगितले व किंमत उतरविली. पंप मात्र सोमवारी पहाटे पुन्हा उघडला, तरफ दाबून धरली, आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले.

हे सांगण्यात बढाई नाही. रात्रभर आम्ही दुसऱ्या बाजूसच अधिक झुकलो होतो. आठवण झाली ती निरनिराळ्या गावांच्या सरकारी बिऱ्हाडांची. कोण्या अनोळखी कुटुंबाने परसात लावलेला कढीपत्ता आमच्या फोडणीत पडत आला. त्यांतील एकाचेही नाव आम्हांस कधी कळले नाही. तेही बदली होऊनच गेले होते, आणि जाण्यापूर्वी त्यांनी रोपाला पाणी घातले होते.

तरुण गाडी घेऊन गेला. पंपाविषयी त्याने काही विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही.