मनावर ताबा, पण कशासाठी?

शेअर बाजारात रोजची खरेदी-विक्री करणारे तरुण हल्ली विचारतात, "या कामात मन स्थिर ठेवायला शिकवणारी पुस्तके वाचावीत का?" प्रश्न पुस्तकांचा आहे, म्हणून आधी पुस्तकांकडेच पाहू.

मार्क डग्लस यांचे 'ट्रेडिंग इन द झोन' सांगते की पुढचा सौदा नफ्याचा ठरेल की तोट्याचा, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तोट्याची शक्यता आधीच स्वीकारावी व ठरवलेला नियम मोडू नये. डॉ. अलेक्झांडर एल्डर हे मनोविकारतज्ज्ञ. 'ट्रेडिंग फॉर अ लिव्हिंग' (१९९३) या ग्रंथात ते सतत तोट्यात जाणाऱ्याची तुलना मद्यपीशी करतात आणि दारू सोडू पाहणाऱ्यांकडून धडा घ्यायला सांगतात.

लोभ, भय व उतावळेपणा यांना आवर घालण्याची शिकवण आपल्याला परकी नाही. आपण तिला सब्र म्हणतो. परंतु गुणाचे मोल तो कोणत्या कामी लागतो यावर ठरते. स्थिर हात शस्त्रवैद्याचा असतो, तसा खिसेकापूचाही असतो.

एल्डर यांची तुलना कुरआनच्या वाचकाला थबकवते. सूरह अल-बकराच्या २१९ व्या आयतीत मद्य व जुगार यांचा उल्लेख एकत्रच आहे. त्यांत काही लाभ आहेत हे सांगून त्यांचे पाप लाभाहून मोठे ठरवले आहे.

प्रत्येक शेअरखरेदी जुगार नव्हे. हलाल व्यवसायाचा हिस्सा घेऊन त्याच्या नफ्यातोट्यात सहभागी होणे ही भागीदारी होय. इंट्राडेत मात्र सकाळी घेतलेला शेअर डीमॅट खात्यात येण्याआधीच विकला जातो. कधी तर हाती नसलेला शेअर आधी विकून मग विकत घेतात. जवळ नसलेली वस्तू विकण्यास प्रेषित (स.) यांनी ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांना मनाई केली होती. कब्जाच्या या अटीमुळे अनेक मुफ्ती इंट्राडेला नाजायज मानतात.

सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. वर्षाला ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होते. म्हणजे नुसत्या सरावाने हात सुधारत नाही.

कोणी म्हणेल, शिस्तीने कमावणारेही आहेतच. मान्य. पण किराणा दुकानदार नफा घेतो तेव्हा गिऱ्हाईक धान्य घेऊन घरी जाते. व्यवहार दोघांच्याही हिताचा असतो. इंट्राडेतील नफा बहुधा दुसऱ्याच्या घाईतून अथवा घबराटीतून येतो. तो दुसराही कोणाचा तरी मुलगा असतो.

पुस्तके अवश्य वाचा. आपल्या मनातला लोभ ओळखायला ती उपयोगी पडतील. मात्र नफा झालेल्या दिवशी स्वतःला विचारा, या पैशाच्या बदल्यात मी कोणाला काय दिले? उत्तर सापडले नाही आणि तरीही मन स्थिरच राहिले, तर चिंता त्या स्थिरतेचीच करायला हवी.