चुकीच्या उत्तरामागचं गणित

हुपरीत चांदीचा हिशेब घरातच चालतो. हातकणंगले तालुक्यातल्या या गावात पैंजणांच्या साखळ्या जोडणं, घुंगरू लावणं, डाग देणं ही कामं कितीतरी घरांत होतात आणि त्याच घरांत मुलं गृहपाठाला बसतात. माल वजनावर येतो, वजनावर जातो, घट वजा होते, मजुरी ठरते. साठ टंचाच्या, म्हणजे साठ टक्के शुद्धतेच्या, ७५० ग्रॅम मालात शुद्ध चांदी ४५० ग्रॅम, हे जाणता कारागीर तोंडी सांगतो. मुलाच्या हातात मात्र मोबाइल असतो आणि त्यावर गृहपाठाच्या अॅपमधलं ५२ वजा २७.

मूल ३५ लिहितं. लाल फुली येते, पुढचं गणित येतं.

ही फुली अपुरी आहे. ३५ हे उत्तर अंदाजाने ठोकलेलं नाही. पाचातून दोन गेले तीन. दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले, राहिले पाच. हेच मूल ६१ वजा ३८ चं उत्तर ३७ देईल आणि ४० वजा १६ चं ३६. त्याने एक नियम धरला आहे आणि तो इमानेइतबारे पाळला आहे. दशक सोडवून एककात घ्यायचा असतो, एवढंच त्याला उमगलेलं नाही. अशा मुलाला आणखी पन्नास उदाहरणं घातली, तर तो चुकीचा नियमच पक्का होतो.

संगणकाला हे ओळखता येत नाही असं नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्येच ‘बगी’ या प्रणालीवरचं काम प्रसिद्ध केलं. वजाबाकीची चुकलेली उत्तरं पाहून त्यांमागची नेमकी खोड शोधायची, हे या प्रणालीचं काम. तिचा एक खेळही होता: संगणक खोड असलेल्या विद्यार्थ्याचं सोंग घेई आणि शिकाऊ शिक्षकाने उदाहरणं घालून ती हुडकायची. इतक्या वर्षांनंतरही गृहपाठाचं अॅप नुसत्या ताऱ्यांवर आणि गुणांवर थांबत असेल, तर पालकांनी त्यावर समाधान मानू नये.

गरज किती मोठी आहे ते ‘असर’ या शिक्षण-सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात दिसतं. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या फक्त ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी येत होती आणि पाचवीतल्या ३०.७ टक्के मुलांना भागाकार.

अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा २०२५ चा ‘नेचर’मधला अभ्यास आपल्याला याच्याही पुढे नेतो. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करत. तीच बेरीज-वजाबाकी वहीतल्या रूपात आली की अडत. शाळेतल्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं नेमकं उलट. हुपरीसारख्या गावात हा अभ्यास मुद्दाम वाचला जायला हवा. मुलांना कामाला जुंपणं कुणालाच नको. पण घरात रोज कानावर पडणारी घट आणि टंच शाळेच्या गणितात आणायला काय हरकत आहे? जुन्या शाळांतले पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे व्यवहाराला धरूनच होते. शेर-तोळ्यांच्या उदाहरणांऐवजी ग्रॅममधली उदाहरणं अॅपमध्ये सहज घालता येतात.

मग अॅप कधी वापरावं? गुजरातमध्ये याची दोनदा परीक्षा झाली. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, असे गणिताचे खेळ दिले. गणित चांगलंच सुधारलं, पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला. दुसरा प्रयोग ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांतला, अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी तपासलेला. शिक्षकाच्या तासाऐवजी संगणक दिला तेव्हा मुलं मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून दिला तेव्हा पुढे गेली.

म्हणून शाळेने अॅप निवडताना एकच गोष्ट करून पाहावी: दहा वजाबाक्यांत मुद्दाम एकाच खोडीची उत्तरं भरावी आणि शिक्षकाला काय कळवलं जातं ते बघावं. ‘दहापैकी चार’ एवढंच आलं तर पुढचं अॅप बघावं. ‘या मुलाला दशक सोडवता येत नाही’ असं आलं, तर ते अॅप घ्यावं आणि ते ज्या मुलांची नावं देईल त्यांना दुसऱ्या दिवशी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे देऊन एक गठ्ठा त्यांच्याच हाताने सोडवून घ्यावा.