झाकलेला चेहरा

बुधवार पेठेचं नाव पुणेकर दोन आवाजांत घेतो. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला निघाला की मोकळ्या. तिथून जवळच असलेल्या ‘त्या’ गल्ल्यांविषयी बोलायचं झालं की दबक्या. व्हिन्सेंट व्हॅन गॉग मराठी वाचकाला भेटला तो पहिल्या बुधवारात. आयर्व्हिंग स्टोनच्या ‘लस्ट फॉर लाइफ’वरून माधुरी पुरंदरे यांनी ‘व्हॅन गॉग’ लिहिलं आणि हा डच चित्रकार कित्येकांच्या घरचा होऊन बसला. त्याच्या आयुष्याचा एक धागा मात्र दुसऱ्या बुधवाराकडे जातो.

साल १८८२, शहर हेग. सीन होर्निक ही देहविक्रय करून जगणारी बाई. पदरी लहान मुलगी, पोटात दुसरं मूल. व्हिन्सेंटनं तिला आसरा दिला आणि घरच्यांचा रोष ओढवून घेतला. त्या एप्रिलात त्यानं तिला रेखाटलं: विवस्त्र, अंग मुडपून बसलेली, हातांवर डोकं टेकलेली. चित्राचं नाव ‘सॉरो’, म्हणजे दुःख. चेहरा दिसतच नाही.

व्हिन्सेंटचंच आयुष्य चित्रांच्या चौकटींतून सांगायला बसलेल्याचा हात मात्र आधी त्यानं स्वतःच कापलेल्या कानाकडे जातो. २३ डिसेंबर १८८८ची रात्र चौकटीत चटकन मावते: वस्तरा, रक्त, पट्टी. दहाएक वर्षांत दोन हजारांवर चित्रं-रेखाटनं करणारे कष्ट मावत नाहीत. रोजच्या कामाला कुठला आलाय प्रसंग? दुसरा मोह त्याच्याच भोवऱ्यांसारख्या रेषांत त्याचं वेड रंगवण्याचा. मग शैली हेच आजाराचं लक्षण ठरतं आणि सावरल्यावर पुन्हा कुंचला धरणारा शहाणा कारागीर पुसला जातो. बार्बरा स्टोकनं २०१२च्या ‘व्हिन्सेंट’ या चित्रचरित्रात साधी, सपाट रेषा वापरली, ती म्हणूनच मोलाची वाटते. चित्रं दाखवत गोष्ट गाणाऱ्या आपल्या पिंगुळीच्या चित्रकथ्यालाही हे ठाऊक आहे: चित्र स्थिर असतं, हुंदका गळ्यात असतो.

दुसऱ्याचं दुःख दाखवावं किती, हा प्रश्न व्हिन्सेंटनं सीनपाशी सोडवला होता. बुधवारातल्या त्या गल्लीच्या तोंडाशी आपणही चेहरे पाहत नाही, पण आपण नजर चुकवतो. नजर चुकवणारा पुढे निघून जातो. चेहरा झाकून चित्र काढणाऱ्याला मात्र पेन्सिल घेऊन समोर बसावं लागतं, बराच वेळ.