बॅटन हाती घेण्याआधी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉर्फक परगण्यात सप्टेंबरमध्ये ‘राउंड नॉर्फक रिले’ होते. किंग्ज लिनहून निघायचं आणि क्रोमर, ग्रेट यार्मथ, थेटफर्ड करत, परगण्याला वळसा घालून पुन्हा किंग्ज लिनला यायचं. अंतर जवळपास 200 मैल, टप्पे 17. शनिवारी सुरू झालेली धाव रात्रभर चालते आणि रविवारी संपते. अंधारात धावणाऱ्यामागून संघाची गाडी दिवे लावून हळूहळू येत असते. संथ संघ आधी सुटतात, वेगवान उशिरा. त्यामुळे सगळे साधारण एकाच सुमारास पोचतात.

अशा शर्यतीत उतरावंसं वाटलं, की आपण आधी स्वतःचा वेग मोजतो. पण रात्री दोन वाजता संघाला हवा असतो तो ठरल्या जागी, थंडीत, वेळेवर उभा राहणारा माणूस. आपलं धावणं तासा-दोन तासांचं. बाकी वेळ गाडी हाकायची, चहा द्यायचा, पुढच्याला उठवायचं. दिंडीत पाणी वाहणाऱ्याचं पाऊलही वारीतच मोजलं जातं.

तेव्हा, संघात जायचं मनात असेल तर एवढंच विचारा: माझी वाट पाहणाऱ्याला मी वेळेवर भेटतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर आजच नाव द्या.