मागे राहिलेल्याची वारी

पायदळ दिंडीत चालणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक शंका केव्हा ना केव्हा येतेच. आपण नेम घेतला आहे, गळ्यात माळ आहे, खांद्यावर पताका आहे, तिथीला पोहोचायचे आहे; आणि बरोबरचा एखादा म्हातारा, एखादी लेकुरवाळी, पायाला फोड आलेला एखादा गडी मागे मागे पडू लागतो. थांबावे तर मुक्काम चुकतो, चालावे तर माणूस सुटतो. अशा वेळी वारकऱ्याचा धर्म कोणता? नेम मोठा की सोबती मोठा?

कोणी म्हणेल, ह्यात विचार करण्यासारखे काय आहे? थांबावे, म्हणजे झाले. असे म्हणणाऱ्याने एकदा शंभर माणसांची दिंडी आषाढाच्या पावसात मुक्कामाला नेऊन पाहावी. स्वयंपाकाचे सामान पुढे गेलेले असते, शाळेच्या पडवीत उतरायचे ठरलेले असते, मागून काळोख येत असतो. एकासाठी शंभर जण थांबले तर त्या शंभरांत आणखी दहा आजारी पडतात. तेव्हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

आमच्या चामोर्शीकडच्या मंडळींना ह्या प्रश्नाची एक आणखी बाजू ठाऊक आहे. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. वैनगंगा दक्षिणेला वाहणारी नदी, पण मार्कंड्याला तिने उत्तरेकडे वळण घेतले आहे. त्या उत्तरवाहिनीच्या काठी जुनी दगडी देवळे उभी आहेत. चामोर्शीहून पहाटे निघालेला माणूस दुपारच्या आत तेथे पोहोचतो. परंतु आतल्या रानातील गावांहून येणारे एक-दोन मुक्काम करीत येतात. विठोबाचे वारकरी महादेवाच्या जत्रेला कसे, असे कोणी विचारू नये. पांडुरंगाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे, अशीच आपल्या संप्रदायाची श्रद्धा आहे, आणि एकादशीइतकाच सोमवारही आपल्याकडे मानतात. असो.

सांगायचे ते वाटेचे. ही वाट कुठे रानातून जाते, कुठे डांबरी सडकेने. रानात वाघ आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन्ही जिल्ह्यांत वाघाने माणूस मारल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आणि त्यांत सापडलेले लोक पाहिले तर शेतात, सरपणाला, मोहफुलाला, तेंदूपानाला गेलेले, एकटेदुकटे, खाली वाकून काम करणारे असेच पुष्कळ असतात. २०२१ सालापासून छत्तीसगडातून आलेले रानहत्तीही जिल्ह्यात फिरू लागले. सडकेवर लोहखनिजाने भरलेले ट्रक धावतात, त्यांचे भय वाघापेक्षा कमी नाही. म्हणजे आमच्या भागात 'मागे राहणे' हा कीर्तनातला दृष्टांत नव्हे. येथे मागे राहिलेला माणूस खरोखर एकटा पडतो.

आता मागे राहणाऱ्याचा स्वभाव पाहा. 'माझ्यासाठी थांबा' असे तो कधीच म्हणत नाही. म्हातारी बाई असली तर हात हलवून म्हणते, "तुमी चाला जी समोर, मी येतोच हळूहळू." आपण म्हणतो, "बरं आजी, या सावकाश." झाले! आजीनेच सांगितले, म्हणून आपल्यावर दोष नाही, अशी मनाची समजूत घालून आपण टाळ वाजवीत पुढे निघतो. पण तिच्या तोंडचे शब्द प्रमाण मानायचे की तिचे पाय? आपल्यामुळे कोणाचा खोळंबा होऊ नये, आपण कोणाला जड होऊ नये, ही गरिबाघरच्या माणसाची जन्मभराची शिकवण असते. त्या संकोचातून आलेले 'तुम्ही चला' ही परवानगी नव्हे. ज्याला मागता येत नाही त्याचे मागणे ओळखणे, हे काम पुढे चालणाऱ्याचे आहे. कारण थांबण्याची सत्ता त्याच्या हाती आहे, मागच्याच्या नाही.

'नेम मोठा' म्हणणाऱ्यांची बाजू मी हलकी मानीत नाही. एकादशी कोणासाठी थांबत नाही. आळंदीची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत प्रवेश करते. हैबतबाबा आरफळकरांनी ह्या सोहळ्याला जी शिस्त लावून दिली ती एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत टिकली, ती प्रत्येकाच्या सोयीने थांबत थांबत टिकली नाही. नेम सैल केला की आज म्हाताऱ्यासाठी, उद्या चहासाठी, परवा आळसासाठी थांबणे आलेच. इतके सगळे खरे आहे.

परंतु त्याच शिस्तीत दुसरी एक गोष्ट बसविलेली आहे, तिच्याकडे लक्ष द्यावे. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती होते. सर्व दिंड्या गोळा होतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार आपला चोप उंच करतात आणि हजारो माणसे एका क्षणात गप्प होतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली तर ती दिंडी गप्प होत नाही. ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, समजूत काढतात, आणि तेव्हा कुठे ते टाळ थांबतात. हरवले-सापडले तेही तेथेच पुकारतात. एवढा मोठा सोहळा, आणि एका दिंडीचे गाऱ्हाणे मिटेपर्यंत तो उभा राहतो! हेही हैबतबाबांच्या वारीचेच वळण. नेम आणि माणूस ह्यांचे भांडण आहे असे आपण समजतो. जुन्या मंडळींनी माणसासाठी थांबणे हेच नेमात घालून ठेवले होते.

आणि आपला देव तरी कसा? पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव दारी आला तर त्याने वीट पुढे टाकली आणि उभे राहा म्हणून सांगितले. देव रागावला नाही, पुढच्या घरीही गेला नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तो अद्याप उभाच आहे. ज्याच्या दर्शनाला आपण घाईने धावतो तो स्वतः थांबणारा देव आहे, एवढे ध्यानात धरले तर आपल्या घाईचे आपल्यालाच हसू येईल. चोखोबांची कथाही हेच सांगते. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली आणि चोखोबा त्यांत गेले. जन्मभर ज्यांना महाद्वाराच्या आत येऊ दिले नाही, ते मेल्यावरही ढिगाऱ्याखालीच राहिले असते. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले, त्यांच्या अस्थी शोधून पंढरीला घेऊन आले आणि महाद्वारापाशी त्यांची समाधी झाली. पुढे गेलेला संत मागच्यासाठी परत फिरला. दार मात्र त्यानंतरही सहाशे वर्षे बंदच होते. ते उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरीत प्राणांतिक उपोषण करावे लागले. आपण मागे फिरण्यात किती उशीर लावतो, हे त्यावरून कळते.

तर मग करावे काय? मला वाटते, वाटेत उभे राहून 'थांबू की जाऊ' असे विचारणे हेच मुळी उशिराचे विचारणे आहे. तो प्रश्न निघण्यापूर्वी गावातच विचारावा. आपल्यातला सर्वांत हळू चालणारा कोण, त्याच्याने दिवसाला किती मजल होईल, ते पाहून मुक्काम बांधावेत आणि तेवढे दिवस आधी निघावे. जवान गडी बारा कोस चालतो म्हणून बारा कोसांची मजल ठरविली तर ती दिंडी जवान गड्यांचीच झाली. तीत म्हातारी माणसे केवळ ओढली जातात. रानातल्या वाटेला तर उजाडल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि सर्वांत मागे दोन धडधाकट माणसे ठेवावीत. पुढे पताका घेऊन चालण्याचा मान सगळ्यांनाच हवा असतो. त्या मागच्या दोघांच्या वाट्याला ना टाळ, ना अभंगाचे पद, पुढच्यांनी उडविलेली धूळ मात्र येते. माझ्या मते दिंडीतील सर्वांत मानाची जागा ती.

गाडीचा प्रश्न येथेच येतो. हल्ली बहुतेक दिंड्यांबरोबर सामानाचा टेम्पो किंवा ट्रॅक्टर असतो. पूर्वी बंडी असे. थकलेल्याला गाडीत बसविले तर त्याची वारी मोडते काय, असे भाविक विचारतात. मुळीच मोडत नाही. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी बंद होती, तेव्हा प्रत्यक्ष संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीला गेल्या. तेव्हा वारी चुकली असे कोणी म्हटले नाही. पादुका जेथे गाडीत बसल्या तेथे गुडघे धरलेल्या आजीने का लाजावे? माझी शंका वेगळीच आहे. गाडी आहे ह्या भरवशावर पुढचे लोक मागे वळून बघेनासे होतात. 'टेम्पो मागून येतोच आहे, तो उचलील,' एवढे म्हटले की आपली जबाबदारी संपली! पूर्वी बंडीचा बैल माणसाच्याच चालीने चाले, त्यामुळे बंडीत बसलेला दिंडीतच असे. टेम्पो त्याला उचलतो आणि भर्रकन मुक्कामी नेऊन सोडतो. तेथे तो सामानाच्या गाठोड्यांपाशी एकटा बसून आपली वाट पाहतो. गाडी जरूर असावी. पण ती बंडीच्या चालीने चालवावी, आणि बसलेल्याच्या हाती टाळ द्यावा.

येथवर वाटेवर मागे राहिलेल्याचे झाले. घरी मागे राहिलेल्याचे काय? हा भाग धानाचा. मृगात पऱ्हे टाकायचे आणि पाऊस साधला की आषाढात रोवणा सुरू. येथून पंढरपूर सहा-सातशे किलोमीटर. पायदळ जायचे तर महिनाभर हवा, म्हणजे जाणाऱ्याने पऱ्हे टाकायच्या दिवसांतच घर सोडले पाहिजे. रोवण्याचे दिवस मोजके असतात. पऱ्हे जून झाले की पीक घटते, मग कितीही खत घाला. कार्तिकीला जावे तर धान कापणीला येते. देशावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पेरणी उरकून आषाढीला निघता येते. आमच्या धानकऱ्याला पंचांग असे अडवून धरते. म्हणूनच आमच्याकडे माघातल्या मार्कंड्याच्या वाटेवर इतकी गर्दी दिसते. धान चुरून घरात आलेले असते, पाय मोकळे असतात.

तरीही काही जण आषाढीला पायदळ जातातच. त्यांचे कौतुक होते, परत आल्यावर लोक पाया पडतात, ते योग्यच आहे. पण त्या महिन्यात त्यांच्या बांधीत रोवणा कोणी केला? गुडघाभर चिखलात, पाठीवर पाऊस घेत, दिवसभर वाकून कोणी पऱ्हे लावले? घरच्या बाईने, सुनेने, नाहीतर रोजीच्या बायांनी. त्या वाकल्या म्हणून हा पंढरीत ताठ उभा राहून दर्शन घेऊ शकला. आणि आल्यावर तो त्यांना बुक्का लावतो, चुरमुऱ्यांचा प्रसाद देतो. एवढ्याने फिटले काय?

सावता महाराज अरणला आपल्या मळ्यातच राहिले. भाजी खुरपताना त्यांना पांडुरंग भेटला, अशी कथा आपण सर्वजण ऐकतो. इतर संतांच्या पालख्या पंढरीला येतात आणि अरणला मात्र पांडुरंगाचीच पालखी जाते, हीही चाल प्रसिद्ध आहे. ही कथा सांगताना कीर्तनकार 'कामातच देव पाहा' म्हणून श्रोत्यांना उपदेश करतात. उपदेश खरा आहे. पण वारीला जाणाऱ्याने तो घरी राहणारीला करणे मला शोभत नाही असे वाटते. 'तू बांधीतच विठ्ठल पाहा, मी चंद्रभागेत पाहून येतो,' हा कसला विभाग? सावतोबांनी मळा आपल्या मनाने धरला होता. हिला कोणी विचारलेच नाही. ह्या घरातली माऊली कधी पंढरीला गेली आहे का, जायची तिची इच्छा आहे का, हे प्रत्येक माळकऱ्याने एकदा घरात बसून विचारावे. बहुतेक ठिकाणी उत्तर तेच येईल, "तुमी जा जी, माझं काय!" ह्या उत्तराची किंमत काय धरायची ते वर आलेच आहे.

ह्याला तोड निघू शकते. वारीचा नेम माणसाचा न धरता घराचा धरावा. एका वर्षी घरधनी गेला तर दुसऱ्या वर्षी घरच्या बाईने जावे आणि त्याने धुऱ्यावर उभे न राहता चिखलात उतरावे. गावात आठ-दहा माळकरी घरे असली तर जाणाऱ्यांच्या बांध्या राहणाऱ्यांनी आधी रोवून द्याव्यात आणि पुढल्या साली पाळी फिरवावी. रोजीच्या बाया असतील तर निघण्यापूर्वी त्यांची मजुरी घरी ठेवून निघावे. उधारीवर केलेल्या रोवण्याने वारी करू नये. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी पालखीच्या शेवटच्या टप्प्याला एस. टी.ने जाऊन मिळावे आणि तेवढेच चालावे. त्यात कमीपणा काही नाही.

शिवरात्रीला मार्कंड्याला निघण्यापूर्वी आपल्याकडे देवळात एक बैठक होतेच. मुक्काम कुठे, डाळतांदूळ कोणाकडून, वीणा कोणाकडे, हे तीत ठरते. त्याच बैठकीत ह्या वेळी आणखी दोन गोष्टी ठरवाव्यात: मागे कोण चालणार, आणि येत्या आषाढात कोणाच्या बांधीत कोण उतरणार. बायांनाही बैठकीला बोलवावे, आणि त्यांना आधी बोलू द्यावे.