सबल कोण कोणास करतो?

नरडाण्याच्या स्थानकावर उतरणाऱ्या सुशिक्षित प्रवाशास तापीच्या खोऱ्यांतील कापसाचीं शेतें दिसतात. त्यांत निंदणी करणारी भिल्ल स्त्री दिसतेच असें नाहीं. दिसली तर आम्हांस तिची कणव येते, आणि तिला ‘सबल’ करण्याच्या योजना आम्ही आंखूं लागतों. परंतु एकानें दुसऱ्यास सबल करणें शक्य तरी आहे काय?

याचें उत्तर तापीच्या उत्तर तीरीं, शहादा तालुक्यांत सांपडतें. हा तालुका पूर्वीं धुळें जिल्ह्यांत होता; १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यांत आहे. तेथें अंबरसिंग महाराजांच्या प्रेरणेनें, जमीन हातची गेलेले भिल्ल एकत्र आले, आणि १९७२ सालीं श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन व मजुरी हे तिचे प्रश्न. पण स्त्रिया एकत्र बसल्या तेव्हां त्यांनीं निराळाच प्रश्न पुढें केला: दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार. मग त्यांनीं गांवोगांव जाऊन दारूचीं मडकीं फोडलीं. आम्हीं तेथें मद्यपाननिषेधावर व्याख्यान दिलें असतें. त्यांना उपदेश नको होता. मार थांबावयास हवा होता.

कोणी म्हणेल, तेथेंही बाहेरून गेलेले शिक्षित तरुण होतेच. होते, आणि त्यांचा वाटा नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण हिशेब समजावून देणें निराळें, आणि निर्णय आपल्या हातीं ठेवणें निराळें. आमच्या मतें कसोटी एकच: जिच्यासाठीं योजना, तिला ‘नको’ म्हणतां येतें काय? शेळी दिली, शिलाईचें यंत्र दिलें, पण नकाराचा अधिकार दिला नाहीं, तर तिचा केवळ धनी बदलला.

कायद्यानें वाट बरीच मोकळी केली आहे. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा अधिकार देण्याची तरतूद १९९६ च्या पेसा कायद्यांत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें विवाहितांस वनजमिनीचा हक्क पतिपत्नी दोघांच्या नांवें मिळतो. २०११ मध्यें महाराष्ट्रानें ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांस राखून दिल्या. तथापि कागदावरील नांव आणि सभेंतील शब्द यांत अजून अंतर आहे.

तें अंतर तीच तोडील. उद्यां त्या सभेंत उभी राहून ती आमच्याच आवडत्या योजनेविरुद्ध बोलली, तर आम्हांस आनंद होईल कीं राग येईल? आमच्या कणवेची खरी किंमत त्याच क्षणीं ठरेल.